फोमच्या वड्या

शिमगा होऊन चार-सहा दिवस झाले होते. मोहाची फुलं गळायला लागली होती. पहाटेच रानात गेलेली गुणाबाई डोक्यावर टोपली घेऊन परत आली, तेव्हा ओसरीवर जावई बसलेला दिसला. एकटाच.

तिनं आधी त्याच्या पाठीमागं पाहिलं, मग दाराआड पाहिलं, मग उगाच घरामागच्या सांदवाडीकडंही नजर टाकली. चंदा कुठंच नव्हती.

"जय भीम, मामी," म्हणत हिरामण उठून उभा राहिला. भामरागडच्या पलीकडं एका आश्रमशाळेत तो मास्तर होता. शाळेच्या कामानं चंद्रपूरला आला होता, तो जाता जाता सासुरवाडीला, मोहबोडीला, उतरला होता. समोर लटारू आंबाडीचा दोर वळत बसला होता. सासरा-जावयात काहीतरी बोलणं होऊन गेलं असावं, कारण लटारू मान वर करत नव्हता.

"चंदा कशी हाय?" गुणाबाईनं विचारलं.

"बरी हाय. चवथा महिना लागला तिले."

गुणाबाईची टोपली उतरवायची राहूनच गेली. "आता बाई! मंग सांगाचं ना आधी! सातव्यात आमी येतो न्याले. मिरगाच्या आत आणून घेतो, मंग पाणी पडलं का तुमच्याकडचा रस्ता..."

"मामी," हिरामणनं पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरलं. "राग नोको मानू. मीनं ठरवलं हाय. तिले इकडं धाडत नाई."

त्यानं कारण सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. कारण तिघांनाही ठाऊक होतं.

पहिलं बाळंतपण याच घरात झालं होतं. गेल्या चैत्रात. मुलगा होता. अंगानं चांगला भरलेला, डोक्यावर दाट जावळ. आणि मिरगाच्या तोंडावर त्याला हगवण लागली. लटारूनं खाचर जुंपलं, गुणाबाईनं पोराला पदरात घेतलं, पण खाचर मूल गावच्या डांबरी सडकेला लागायच्या आधीच तिच्या मांडीवरचं अंग गार झालं. तरी दवाखान्यापर्यंत नेलं. डॉक्टरनं फक्त एवढंच विचारलं होतं, पाणी कुठलं पिता?

पाणी नाल्याकाठच्या विहिरीचं. नाल्याला वरच्या अंगाला राईस मिल झाली होती. तिथं उसन्या तांदळासाठी टाक्यांमध्ये धान भिजवायचे, वाफेवर उकडायचे, आणि ते तपकिरी, आंबलेलं पाणी नाल्यात सोडायचे. पावसाळ्यात ते वाहून जायचं. पण उन्हाळ्यात नाल्याला दुसरं पाणीच नसे. कुजलेल्या पेजेसारखा वास त्यांच्या बौद्ध टोलीत चोवीस तास भरून असायचा, आणि विहीर त्याच नाल्याचं झिरपण ओढायची. वरच्या टोलीतली विहीर तर शिमग्यालाच तळाला जायची. गावानं अर्ज केले, माणसं तालुक्याला जाऊन आली. मिल चालूच होती.

"ते पाणी नीट झालं ना मामी, तं मी सोता आणून सोडतो तिले," हिरामण म्हणाला. "मिरगाच्या आधी. मंग पर्लकोटा नदी भरली का आमी तिकडचे तिकडं." आवाज चढवून बोलणारा माणूस नव्हता तो. म्हणूनच त्याचं बोलणं दगडासारखं पडलं.

तो गेल्यावर गुणाबाईनं मोहफुलं अंगणात पसरली. एकेक फूल बोटांनी वेगळं करत ती बराच वेळ बसून राहिली. चंदा लहान असताना वाळत टाकलेल्या फुलांवर लोळायची आणि मग तिच्या केसांना दिवसभर मोहाचा वास यायचा. तो वास आठवायला गुणाबाईनं ओंजळभर फुलं नाकाशी नेली. पण वाऱ्याबरोबर नाल्याचा वास आला, आणि तिनं ओंजळ खाली सोडली.

*

मिलच्या पाण्याचं काहीतरी होऊन राह्यलं आहे, ही बातमी मंगलीनं आणली. मंगली गावाच्या कडेला राहणारी गोंड बाई, गुणाबाईची धानाच्या रोवणीतली सोबतीण. सरकारनं मिलवाल्या शेठला दम भरला होता म्हणे, पाणी साफ करा नाहीतर कुलूप लावतो. शेठनं नागपूरहून देवतळे नावाचा साहेब आणला होता. त्या साहेबाला फोमच्या वड्या पाहिजे होत्या, गाडीभर. आणि मूलला बापूरावचा गाद्यांच्या फोमचा कारखाना होता, तिथं बायका कामाला लावून राह्यले होते.

"फोमच्या वड्यानं पाणी साफ होते?" गुणाबाईनं विचारलं.

"बापूरावभाऊ मन्ते होते. मले का समजते?"

लटारू ऐकून चिडला. "तिथी डरम असतेत दवाईचे. भोपाळात काय झालं, रेडिओवर आयकलं नाई का? ते बी अशेच डरम होते. आन आता तेंदूपत्त्याचे दिवस येतेत. पत्ता कोन तोडन?"

"पत्ता दरसाल येते," गुणाबाई म्हणाली. "लेकरू दरसाल नाई येत."

लटारूनं दोराचा पीळ सोडून दिला आणि पुन्हा पहिल्यापासून वळायला घेतला.

बापूरावचा कारखाना म्हणजे लाकडं कापायच्या आरामशीनच्या मागं उभी केलेली एक टिनाची शेड. बापूराव गोल अंगाचा, सतत बोलणारा माणूस. दवाई मोजायचं काम तो दुसऱ्याला देत नसे. दोन डरमांमधलं दोन प्रकारचं पातळ तो बादलीत घ्यायचा, त्यात आणखी थेंब थेंब काहीतरी सोडायचा, आणि ड्रिलला पंखा लावून गरगर घुसळायचा. बादली दुधासारखी पांढरी झाली की ओरडायचा, "सरका!" आणि लाकडी पेटीत ओतून द्यायचा.

पहिल्या दिवशी सगळ्या बायका बाहेर पळाल्या, पण गुणाबाई दाराशीच उभी राहिली. तिला पाहायचं होतं. वास डोळ्यांत सुईसारखा शिरला, घसा आवळला. तरी तिनं पाहिलं. पेटीच्या तळाशी जेमतेम पसरलेलं ते दूध हललं, फुगलं, आणि कोणी हात न लावता वर चढायला लागलं. उतू जाणाऱ्या दुधासारखं, पण हळूहळू, आणि खाली न बसता. पाहता पाहता पेटी काठोकाठ भरली. वरचा पापुद्रा थरथरला आणि थांबला.

"पोट आल्यासारखं दिसते," मंगली बाहेरून डोकावत म्हणाली.

गुणाबाई डोळे पुसत खोकत राहिली. सातव्या महिन्यातली चंदा तिच्या डोळ्यांपुढं आली होती.

पेटीतला गोळा आतून तापलेला असे, म्हणून रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तारेनं कापून त्याच्या बर्फीसारख्या वड्या पाडायच्या. तिथपर्यंतचं काम सोपं होतं. पुढचं जड. फोमच्या आत नुसती घरंच घरं असतात आणि प्रत्येक घराला पडदा असतो, असं बापूराव सांगायचा. गादीला पडदे चालतात, पण पाण्याला आरपार जायला वाट पाहिजे. म्हणून वड्या कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवायच्या, लाकडानं दाबत राहायच्या, पडदे खाऊन होईपर्यंत. मग साध्या पाण्यात दहादा खळबळायच्या. रबरी हातमोजे होते, पण गुणाबाईच्या वाट्याला आलेल्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी चीर होती. थोड्याच दिवसांत तिच्या अंगठ्याचं कातडं सोललं, नख पिवळं पडलं, मिठाचं बोट लागलं की जीव जाई. घरी भात कालवायला ती उजवाच हात पुढं करायची आणि डावा पदराआड ठेवायची, लटारूला दिसू नये म्हणून. त्याला दिसला होताच. एका संध्याकाळी तो करंजाचं तेल घेऊन बसला आणि त्यानं तिचा हात ओढून अंगठ्याला लावून दिलं.

वडी झाली की नाही हे पाहायची एक रीत होती. ती ओठांना लावून फुंकायची. पलीकडं धरलेल्या तळहाताला वारा लागला तर झाली. लागला नाही तर परत हौदात. दिवसभर बायका ओळीनं बसून फुंकत असायच्या, गाल दुखेस्तोवर.

"ह्या वडीत घाण पाणी शिरलं ना," बापूराव येता-जाता म्हणायचा, "का साफ होऊनच निघते. गाळणं हाय हे, गाळणं!"

गुणाबाई प्रत्येक वडी फुंकायची, आणि तळहाताला लागलेला वारा मुठीत धरल्यासारखी मूठ मिटायची.

*

वैशाखात वड्या मिलवर गेल्या. नाल्याकाठी सिमेंटच्या दोन टाक्या बांधल्या होत्या. नायलॉनच्या जाळ्यांत वड्या भरून त्या टाकीत सोडल्या, खालून नळीनं हवा सोडली, आणि मिलचं पाणी सगळं बुडबुडायला लागलं. देवतळे साहेब चष्मा लावलेला, सडपातळ माणूस. हळू बोलायचा. त्यानं दोन घमेली शेण कालवून टाकीत टाकायला सांगितलं, तेव्हा सगळे एकमेकांकडं पाहायला लागले.

"घाण पाण्यात आणखी शेण?" मंगली पुटपुटली.

"साहेबाचं शास्त्र हाय ते," बापूरावनं खांदे उडवले.

टाकीत धानाचा कोंडा उडून पडू नये, जाळ्या एकमेकींत अडकू नयेत, यासाठी माणूस पाहिजे होता. गुणाबाई आणि मंगली राहिल्या. साहेब जाताना बापूरावला म्हणाला, "महिनाभर कोणी हात लावू नका. मी येतो मग." बापूरावनं बायकांना सांगितलं, "हात लावू नोका गा कोनी." हात का लावायचा नाही, ते त्यालाही धड माहीत नव्हतं.

ऊन असं होतं की टाकीची कड धरता येत नसे. गुणाबाई डोक्यावर ओला पदर घेऊन बसायची, लांब दांड्याच्या चाळणीनं कोंडा काढायची, आणि टाकीतून नाल्यात पडणाऱ्या धारेकडं पाहत राहायची. धार तपकिरीच होती. सकाळी पाहिली तरी तपकिरी आणि संध्याकाळी पाहिली तरी तपकिरी. रानात पळस कधीच गळून गेला होता, तेंदूपत्ता खरेदीच्या फळी लागल्या होत्या, लटारू एकटाच पत्त्याचे पुडके बांधत होता. दिवस हातातून निसटत होते. चंदाला आता पोटावर ओझं जाणवत असेल. रात्री कूस बदलताना कोणाला हाक मारत असेल?

एका सकाळी तिनं जाळी वर ओढून पाहिली. शेडमध्ये तिनं ज्या वड्या कापसासारख्या पांढऱ्या करून दिल्या होत्या, त्या करड्या-तपकिरी पडल्या होत्या. हाताला शेंबडासारखं बुळबुळीत लागत होतं. तिनं एक वडी ओठांशी नेली, वासानं ओकारी आली, तरी फुंकली. पलीकडं वारा आला नाही.

"मंगले, गाळणं भरलं व!"

मंगलीनं वडी दाबून पाहिली. "साहेबानं हात लावू नोका म्हटलं होतं."

"भरलेल्या गाळण्यातून पाणी कसं गाळल्या जाईन? घरी गाळणं भरलं तर तू धुत नाईस का?" गुणाबाईचा आवाज चढला. "आन साहेब कवा येईन? मिरूग लागल्यावर? बापूरावभाऊ ब्रह्मपुरीले लग्नाले गेले. इचारू कोनाले?"

मंगलीनं वडी खाली ठेवली आणि पदर खोचला.

त्या दिवशी दोघींनी एकेक जाळी बाहेर ओढली. मिलच्या बॉयलरचं कढत पाणी नळाला येत होतं, ते बादल्या भरभरून आणलं. कपड्याचा सोडा टाकला. वड्या फरशीवर पसरून त्या वर चढल्या, आणि चिखल तुडवावा तशा दोघी उन्हात पाय आपटत राहिल्या. पायाखालून तपकिरी फेस निघायचा, पुन्हा कढत पाणी, पुन्हा सोडा. तळव्यांना चटके बसत होते, कंबर मोडली होती. दुपारची भाकर तशीच फडक्यात राहिली. उन्हं उतरता उतरता वड्या पुन्हा पांढऱ्या झाल्या. गुणाबाईनं एक फुंकली. वारा थेट तळहाताला लागला.

त्या संध्याकाळी ती घरी पोटभर जेवली. लटारूनं तिच्या पानात आणखी भात वाढला.

"आता होते," ती त्याला म्हणाली. "तुमी चंदाची खोली सारवून ठेवा."

*

पण झालं उलटंच. दोन-तीन दिवसांत नाल्याचा वास पहिल्यापेक्षा वाढला. वड्या पांढऱ्याशुभ्र आणि पाणी काळं. गुणाबाई टाकीभोवती फेऱ्या घालत राहिली. कुठं चुकलं ते तिला समजेना.

साहेब आला तेव्हा त्याच्यासोबत बापूराव आणि मिलचा शेठही होता. साहेबानं बाटलीत पाणी घेतलं, उजेडात धरलं. मग जाळी वर ओढायला सांगितली. पांढऱ्या वड्या बाहेर आल्या, आणि तो त्यांच्याकडं नुसता पाहत राहिला.

"कोणी धुतल्या?"

गुणाबाई पुढं झाली. "मीनं. पार घाण भरली होती साहेब. कढत पाण्यानं धुतल्या, सोडा टाकून." तिच्या आवाजात अजून थोडी आशा होती.

साहेब टाकीच्या कडेवर बसला. चष्मा काढून त्यानं डोळे चोळले.

"धुनं धुवाले ठेवलं होतं का तुले इथी?" बापूराव कडाडला. शेठसमोर त्याचं तोंड उतरलं होतं, ते सगळं गुणाबाईवर आलं. "हात लावू नोका म्हटलं होतं ना? का धोबीघाट समजली याले?"

मिलचे हमाल पोत्यांशी थांबून पाहत होते. त्यातला एक हसला, मग दुसरा. "धोबीघाट!" कोणीतरी मागून पुन्हा म्हणालं. गुणाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मंगली तिच्याजवळ येऊन उभी राहिली, तेवढंच.

साहेबानं हातानं सगळ्यांना थांबवलं. "बाई, तुमच्या घरी दही लावता?"

"हो."

"विरजण लावून ठेवता. मग ते दूध हलवता का? धुता का?"

गुणाबाई त्याच्याकडं पाहायला लागली.

"त्या वडीवर जे बुळबुळीत होतं, ते विरजण होतं. जिवंत असतं ते. पाण्यातली घाण तेच खातं. फोम काही गाळत नाही, फोम फक्त त्याला राहायला घर देतो. शेण त्यासाठीच टाकलं होतं." त्यानं बापूरावकडं पाहिलं. "चूक माझीपण आहे. मी नीट सांगून जायला पाहिजे होतं."

"म्हंजे मीनं..."

"कढत पाण्यानं सगळं मेलं."

मेलं, हा शब्द गुणाबाईच्या कानात जाऊन अडकला. तिच्या टाचांना अजून फोड होते. त्याच टाचांनी तिनं दिवसभर तुडवलं होतं.

"आता किती दिवस, साहेब?"

"पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात त्याहून जास्तच लागतील."

बापूराव तिला काढून टाकायला निघाला होता, पण साहेब म्हणाला, राहू द्या, आता या कोणाला हात लावू देणार नाहीत. संध्याकाळी ती गोठ्यातून ताजं शेण टोपलीत घेऊन आली, टाकीत कालवलं, आणि हात न धुताच बराच वेळ कडेला बसून राहिली.

लटारूनं खोली सारवून ठेवली होती. ओल्या सारवणावर त्यानं कोंबड्या येऊ नयेत म्हणून काट्याची फांदी आडवी टाकली होती. गुणाबाईनं ती पाहिली आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

*

मिरगाच्या आधी हिरामण आला. शाळा उघडायची होती, तो पुस्तकांची पेटी घेऊन निघाला होता. गावात शिरतानाच त्यानं नाकाला रुमाल लावला असावा, कारण अंगणात आल्यावर तो खिशात घालताना गुणाबाईनं पाहिलं.

"मामी, पाणी..."

"नाई झालं," तीच म्हणाली. "झालं असतं. मीनं धुऊन टाकलं."

तिनं सगळं सांगितलं. सोडा, कढत पाणी, विरजण. हिरामण ऐकत राहिला. लटारू मधेच म्हणाला, "तिले का माहीत होतं गा? कोनी सांगितलं नाई."

"मी काही म्हन्तो का, मामाजी?" हिरामण म्हणाला. "चंदा रोज इचारते. माय काय करून राह्यली, पाणी झालं का. रोज. मी तिले आणतो म्हन्तो, आन मंग मले ते लेकरू दिसते."

त्यानं पुस्तकांची पेटी उगाच इकडची तिकडं सरकवली.

"हेमलकशाचा दवाखाना हाय," तो म्हणाला. "नदी पार करा लागते, पन हाय. मी तिले आधीच तिकडं नेऊन ठेवतो. तू घोर नोको करू."

गुणाबाईनं डिंकाचे लाडू बांधून दिले. चंदा लहानपणी नेसायची त्या लुगड्याच्या धडप्याची तिनं मऊ दुपटी शिवून ठेवली होती, तीही दिली. "मी येऊ का तुमच्यासंगं?" हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण टाकीत नवं विरजण नुकतंच धरत होतं. या खेपेला टाकी नजरेआड करायची तिची हिंमत नव्हती. यंदा पाणी झालं नाही तर पुढच्या सालीही चंदा येणार नव्हती, आणि त्याच्या पुढच्याही.

मोटार धूळ उडवत गेली. पाच-सहा दिवसांनी आभाळ फाटलं, आणि भामरागडच्या वाटेवर आलापल्लीपासून पुढं गाडी जात नाही म्हणून लोक सांगायला लागले.

आषाढात धानाच्या बांध्यांमध्ये चिखल झाला, रोवणी लागली. गुणाबाई सकाळी टाकीवर, दुपारनंतर बांधीत. वाकून वाकून रोपं लावताना हात आपोआप चालत, आणि मन पर्लकोटाच्या काठावर जाऊन बसे. ती नदी तिनं एकदाच पाहिली होती, उन्हाळ्यात, गुडघाभर पाण्याची. आता ती केवढी झाली असेल? डोंग्यात बसताना चंदाला कोणी हात दिला असेल का?

वड्या पुन्हा करड्या पडल्या, मग तपकिरी. हाताला बुळबुळीत लागायला लागलं. कोणी टाकीजवळ बादली आणली तरी गुणाबाई ओरडायची. हमाल तिला "धोबीन बाई" म्हणायचे, तिनं ते कानाआड टाकलं. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी तिनं नाल्यात पडणाऱ्या धारेखाली ओंजळ धरली. तळहाताच्या रेषा दिसल्या. तिनं पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा दिसल्या. वास होता, पण शेतातल्या पाण्याला असतो तेवढाच.

मंगलीला हाक मारायला ती वळली, आणि पुन्हा धारेपाशीच बसली. जिच्यासाठी ही धार निवळली ती इथं नव्हती.

त्याच आठवड्यात मंगलीचा दीर सुकलू आला. भामरागडाकडून पायी, मग डोंग्यानं, मग पुन्हा पायी आलापल्लीपर्यंत. बांबूच्या कामाला तो चालला होता.

"मास्तरच्या घरी लेकरू झालं," त्यानं सांगितलं. "दोघंबी बेस हायेत."

गुणाबाईनं त्याचे हात धरले. "पोरगा का पोरगी?"

सुकलूनं डोकं खाजवलं. "ते इचारलं नाई."

"पाह्यलं का तू? कोनासारखं दिसते?"

"नदीच्या अलीकडं होतो मी. पलीकडचा मानूस वरडून सांगे."

तिनं त्याला जेवू घातलं. जेवताना पुन्हा पुन्हा विचारलं, तो माणूस नेमका काय ओरडला. सुकलूनं पुन्हा पुन्हा तेवढंच सांगितलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत गुणाबाई अशा लेकराशी मनातल्या मनात बोलत राहिली, ज्याला काय नावानं हाक मारायची हे तिला ठाऊक नव्हतं.

*

साहेबानं विहिरीचा उपसा करवला, दवाई टाकली, बाटल्या भरून नागपूरला नेल्या. पाणी प्यायला हरकत नाही, पण उकळून घ्या, असं सांगून गेला. टोलीतली माणसं आधी भीत भीत, मग सवयीनं पाणी भरायला लागली. धान पिवळं पडलं. रस्ते सुकले. सांगावा गेला.

आणि एका दुपारी चंदा आली. हिरामणनं तिला मोटारीतून उतरवलं, तिच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू होतं. मुलगी होती. काळेभोर डोळे, आणि कपाळ थेट लटारूचं. गुणाबाईनं उभ्या उभ्याच हात पुढं केले, तेव्हा चंदाच म्हणाली, "बस माय, खाली बस, मंग देतो."

चंदा वाळली होती. गळ्याची हाडं दिसत होती. गुणाबाईनं लेकराला मांडीवर घेतलं, आणि दुसऱ्या हातानं लेकीचं मनगट धरून ठेवलं.

मग हिरामणनं मोटारीच्या टपावरून आणखी एक वस्तू उतरवून आणली. पाण्यानं भरलेला मोठा प्लास्टिकचा डबा. तो त्यानं ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला आणि कोणाकडं न पाहता तोंड धुवायला गेला.

"तिच्यासाठी आणलं," चंदा खाली पाहून म्हणाली. "तिकडचं हाय. उकळून."

"बरं केलं," गुणाबाई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बरं केलं."

हिरामण दुसऱ्या दिवशी शाळेला परत गेला. चंदा लेकराला त्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसायची, वाटीत थोडंसं घेऊन, थेंब सांडू न देता. गुणाबाई पाहायची आणि चुलीकडं वळायची. लेकराला पायांवर आडवं घेऊन आंघोळ घालायची तिची केवढी इच्छा होती.

एकदा तिनं चंदाला टाकी दाखवायला नेलं. जाळीतल्या वड्या पाहून चंदानं नाक मुरडलं. "हे? किती घाण हाय, माय!" तिनं बोट पुढं केलं.

"हात नोको लावू," गुणाबाईनं तिचं बोट पकडलं. मग दोघींना एकदम हसू आलं. चंदा हसली आणि हसता हसता रडायला लागली. टाकीच्या कडेला उभी राहून गुणाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पाण्याचे बुडबुडे वर येत राहिले.

डबा हलका होत गेला. एका सकाळी चंदानं तो तिरपा केला, आणि वाटीभरच पाणी आलं. लटारू दाराशी बसला होता. तो उठून बाहेर गेला. गुणाबाई धान पाखडत होती, तिचं सूप थांबलं नाही, पण कान तिकडंच होते. आता लेक म्हणेल, बाबाले सांग, उद्याच्या मोटारीत बसवून द्याले.

चंदानं वाटीतलं पाणी लेकराला चमच्यानं पाजलं. मग ती विहिरीवर गेली, बादली ओढली, आणि काठावरच उभी राहून ओंजळीनं प्यायली. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. गुणाबाईनं सूप खाली ठेवलं.

त्या दिवशी लेकराला आंघोळ नाही की पुसणं नाही. चंदा दिवसभर ओसरीवर बसून राहिली, एक हात स्वतःच्या पोटावर ठेवून, आत काही दुखतं का याकडं लक्ष देत. गुणाबाईनं दोनदा भात वाढला, दोनदा चंदानं थोडा थोडा खाल्ला. दिवस मावळला. रात्र गेली. पहाटे गुणाबाईनं चूल पेटवली आणि विहिरीचं पाणी उकळायला ठेवलं. पाणी खळखळ उकळलं, मग उतरवलं, निवत ठेवलं.

ऊन अंगणात आल्यावर चंदा लेकराला घेऊन बाहेर आली. आईसमोर थांबली.

"माय, पाय पसर."

गुणाबाईनं पाट घेतला, लुगडं वर खोचलं, दोन्ही पाय लांब केले. चंदानं उघडं लेकरू तिच्या नडग्यांवर ठेवलं. पण हात काढून घेतला नाही. एक तळहात लेकराच्या छातीवर तसाच राहिला, घट्ट.

गुणाबाईनं तांब्या उचलला. पाणी स्वच्छ होतं, तांब्याचा तळ दिसत होता. चंदाचे ओठ पांढरे पडले होते. ती तांब्याकडं पाहत होती, श्वास धरून.

गुणाबाईनं तांब्या खाली घेतला. लेकराचे दोन्ही पाय एका हातात धरले, आणि त्यांच्यावर बोटभर धार सोडली. लेकरानं पाय झटकले, रडलं नाही. पाणी गुणाबाईच्या टाचांवरून अंगणात उतरलं.

"आज पायच धुतो," ती म्हणाली. "बाकीचं उद्या पाहू."

चंदानं श्वास सोडला. "हो माय," ती म्हणाली. "उद्या."